उसवत विणलेली भिंत

मित्रहो, टेबलावर बाटलीचं एक साधं बूच ठेवलं आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हवं त्यांनी ते हातात घेऊन नखाने दाबून पाहावं. रॉबर्ट हूक यांनी अशाच एका बुचाचा वस्तऱ्यासारख्या धारेच्या चाकूने अगदी पातळ काप काढला, तो पांढुरका होता म्हणून काळ्या पट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे दिसले. हे त्यांनी 1665 साली प्रसिद्ध केलं. माणूस मोजणीचा पक्का होता. एका इंचात हजारावर कप्पे, म्हणजे एका घन इंचात 120 कोटींहून अधिक, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्या कप्प्यांना 'सेल', म्हणजे कोठडी, हा शब्द वापरला.

पेशीचं बारसं झालं ते असं. पण बारशाच्या वेळी पाळण्यात बाळ नव्हतं. बुचाच्या पेशी झाडावर असतानाच मरतात. हूक यांना दिसली ती रिकामी घरं, नुसत्या भिंती. त्यामुळे भिंत म्हणजे मेलेली, निर्जीव गोष्ट आणि आतला जीव म्हणजे खरी पेशी, ही समजूत आपल्या मनात पक्की होऊन बसली. शाळेच्या पुस्तकातही पेशीभित्तिकेच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं: आकार देते, संरक्षण करते. पुढे केंद्रक आणि हरितलवक, सगळी कौतुकं तिकडे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा बराचसा दिवस जीवाणूंच्या भिंतीशीच जातो. आज मला तिची बाजू मांडायची आहे. भिंत म्हटलं की आपल्याला एकदा बांधून संपलेली गोष्ट आठवते. जिवंत पेशीची भिंत कधीच बांधून संपत नाही. पेशीला वाढायचं असेल तर तिला आपली भिंत स्वतःच उसवावी लागते, तीही आतून प्रचंड दाब असताना, आणि त्याच क्षणी पुन्हा विणावी लागते. ही उसवण कशी होते, कोण करतं, ती बिघडली तर काय होतं, यात वनस्पतींची वाढही आली आणि आपली कित्येक औषधंही.

दाब कुठून येतो ते आधी पाहू. पेशीच्या आत मीठ, साखरा, आम्लं, प्रथिनं यांचं दाट द्रावण असतं. बाहेर बहुतेक वेळा त्याहून पातळ पाणी. पातळ बाजूचं पाणी दाट बाजूकडे ओढलं जातं, याला आपण परासरण म्हणतो. पाणी आत येत राहतं, पेशी फुगू पाहते. पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दोन पदरी थर, साबणाच्या फुग्याइतकाच नाजूक. ते ताणलं की फाटतं. आपल्या शरीरातल्या पेशी यातून सुटतात, कारण त्यांच्या भोवतीचं रक्त आणि इतर द्रव जवळजवळ तितकंच दाट ठेवण्याचं काम सबंध शरीर करत असतं. तळ्यातल्या जीवाणूचं आणि पावसात उभ्या झाडाचं पाणी कोण दाट करून देणार? त्यांनी वेगळा मार्ग धरला. पाण्याला आत येऊ दिलं आणि बाहेरून घट्ट पिशवी घातली.

त्या पिशवीवर किती ताण असतो? मोटारीच्या टायरमध्ये आपण हवेच्या दाबाच्या दोन-अडीच पट दाब भरतो. वनस्पतीच्या पेशीत तो साधारण तीन ते दहा पट असतो. जाड भिंतीच्या काही जीवाणूंमध्ये वीस पटींच्या आसपास जातो. कोवळी पानं कडक उभी राहतात ती या दाबाच्या जोरावर. त्यांच्यात लाकूड नसतं, असतं ते पाणी, भिंतीने कोंडून धरलेलं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर लाल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोपी गोष्ट नाही. जांभळट रंगाच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, झाकणकाच ठेवा. विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येक पेशी कडेपर्यंत रंगाने भरलेली असते. आता झाकणकाचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. नजर एकाच पेशीवर ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत रंग कोपऱ्यांतून सुटू लागतो. आधी कोपरे पांढरे होतात, मग कडा, आणि जांभळा भाग आक्रसत मधे गोळा होतो. पण विटेची चौकट हलत नाही. तिथे आपल्याला प्रथमच भिंत आणि आतला जीव वेगळे दिसतात. मग साधं पाणी सोडलं की तो गोळा पुन्हा फुगतो, कडांना टेकतो, कोपरे भरून निघतात. किती वर्षं झाली मी हे दाखवतो आहे, तरी तो रंग परत कोपऱ्यात शिरताना बघायला मी दर वेळी नळीपाशी वाकतो.

आता ही चौकट काढूनच टाकली तर? 1953 साली क्लेस वायबुल यांनी बॅसिलस मेगाटेरियम या कांडीसारख्या जीवाणूची भिंत लायसोझाइम या विकराने, म्हणजे एन्झाइमने, विरघळवली, मात्र साखरेच्या दाट द्रावणात, म्हणजे पेशी फुटू नये. कांड्यांचे गोल झाले. 1960 मध्ये एडवर्ड कॉकिंग यांनी टोमॅटोच्या मुळांच्या टोकांवर बुरशीपासून मिळवलेलं विकर वापरलं, तेव्हाही भिंत गेली आणि वनस्पतीच्या पेशी गोल झाल्या. एकीकडे जीवाणू, दुसरीकडे टोमॅटो, दोघांच्या भिंतींचं रसायन पूर्ण वेगळं, पण भिंत उतरवल्यावर दोघंही एकसारखेच थेंब. आकार आतल्या जिवाचा नव्हताच, तो भिंतीचा होता. पुढची गंमत अशी की वनस्पतीची अशी उघडी पेशी नीट सांभाळली तर ती काही दिवसांत स्वतःभोवती नवी भिंत विणून घेते.

मग विणकामाकडे वळू. आधी वनस्पती.

वनस्पतीच्या भिंतीचा मुख्य धागा सेल्युलोज. तो 1838 साली आन्सेल्म पायां यांनी वेगळा केला. तो ग्लुकोजच्या मण्यांचा असतो. पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच, फरक फक्त मणी जोडण्याच्या तऱ्हेत. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून, त्यामुळे साखळीला पीळ पडतो आणि ती सहज पचते. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, एक उलटा. त्यामुळे साखळी सरळसोट राहते, शेजारच्या साखळीला चिकटते, आणि अशा कित्येक साखळ्यांचा मिळून जो धागा होतो तो आपल्या पोटातल्या कोणत्याही विकराला तोडता येत नाही. तुमच्या अंगावर सुती कापड असेल तर तुम्ही तो आत्ता नेसला आहात. कापसाचा प्रत्येक तंतू ही बीजाच्या सालीवरची एकच पेशी असते. ती दोन-तीन सेंटिमीटर लांब वाढते, आतून सेल्युलोजचे थरावर थर चढवते आणि मरते. उरते ती भिंत. कताई, विणाई, सगळं आपण त्या भिंतींचं करतो.

हा धागा पेशीच्या पोटात तयार होऊन बाहेर येत नाही. पटलामध्ये सहा पाकळ्यांच्या फुलासारखी विकरांची जुडगी रुतलेली असतात. आतून ग्लुकोज घ्यायचं, बाहेर धागा सोडायचा, आणि सोडता सोडता स्वतः पुढे सरकायचं, अशी त्यांची चाल. कोळी जाळं सोडत चालतो तसं. कुठल्या दिशेने सरकायचं हे पटलाच्या आतल्या अंगाला असलेल्या सूक्ष्मनलिका ठरवतात. 2006 मध्ये जिवंत पेशीत या फुलांना आणि नलिकांना वेगवेगळे चमकते रंग देऊन ती हालचाल प्रत्यक्ष पाहिली गेली. फुलं नलिकांच्या वाटेवरून ओळीने चालली होती.

दिशा महत्त्वाची का, तर पेशीभोवती हे धागे पिंपाच्या कड्यांसारखे आडवे गुंडाळले जातात. आतला दाब सगळीकडे सारखाच असतो. पण कड्या असल्यामुळे पेशीला जाडीत फुगता येत नाही, उंचीत मात्र वाढता येतं. कोंब सरळ वर जातो तो यामुळे. कोल्चिसिनसारख्या द्रव्याने सूक्ष्मनलिका मोडल्या की कड्यांचा क्रम बिघडतो आणि पेशी लांब होण्याऐवजी गोलसर सुजते.

नुसत्या धाग्यांची भिंत झाली नसती. धाग्यांमध्ये हेमिसेल्युलोजच्या साखळ्या गुंतलेल्या असतात आणि सगळं पेक्टिनच्या लगद्यात बसवलेलं असतं, त्यातही कॅल्शियमचे अणू पेक्टिनच्या दोन-दोन साखळ्यांना धरून ठेवतात. फळ पिकताना मऊ होतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे हा लगदा विकरांनी सोडवला जातो. आणि वाढायचं असतं तेव्हा? पेशी भिंतीच्या बाजूला आम्ल सोडते. आम्लता वाढली की एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं जागी होतात. ती धागे तोडत नाहीत, फक्त धाग्यांची एकमेकांवरची पकड ढिली करतात. दाब असतोच. भिंत किंचित सरकते, ताणते, आणि त्या फटीत नवा माल भरला जातो. ही प्रथिनं 1992 मध्ये ओळखली गेली. झाडाची सगळी वाढ ही अशी, ढिलं सोडत आणि भरत, कुठेही न फुटता.

जीवाणूंचं गणित जास्त अवघड आहे. काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात.

जीवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची. उभ्या धाग्यांना साखरेच्या साखळ्या, त्यात दोन प्रकारची शर्करा एकाआड एक, आणि त्यांना जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे आडवे टाके. ताणाबाणाच म्हणा. सगळे टाके पक्क्या रासायनिक बंधांचे, त्यामुळे पूर्ण जीवाणूभोवतीची पिशवी हा एकच महाप्रचंड रेणू असतो. जीवाणू फोडून आतलं सगळं धुऊन टाकलं तरी रिकामी पिशवी त्याच आकाराची राहते. अंगात घट्ट बसलेला विणलेला अंगरखा, तोही न काढता, वीस मिनिटांत दुप्पट करायचा आहे, आणि एकही टाका निसटला तर अंगरख्यासकट माणूस फुटणार आहे. जीवाणू हे काम करतो. कापणारी विकरं जुने टाके उसवतात, जोडणारी विकरं लगोलग नवे घालतात. कांडीसारख्या जीवाणूंत एमआरईबी नावाच्या प्रथिनाचे तुकडे पटलाच्या आतून हे विणकाम कुठे व्हावं ते दाखवतात आणि विणकाम पिंपाच्या कड्यांसारखं आडवं चालतं. हे प्रथिन काढून घेतलं की कांडी गोल होते. वनस्पतीत सूक्ष्मनलिका, इथे हे प्रथिन. नातं काही नाही, पण दाबाखाली लांब वाढायचं तर दोघांनाही कड्याच घालाव्या लागल्या.

या उसवण्यात केवढी उलाढाल असते! आपल्या आतड्यातला ई. कोलाय एका पिढीत आपल्या भिंतीचा जवळपास निम्मा भाग मोडतो, ते तुकडे आत घेतो आणि पुन्हा वापरतो.

या जागेवर बोट ठेवलं पेनिसिलिनने. 1928 मधली फ्लेमिंग यांच्या बशीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: जीवाणूंच्या वसाहती, मधे पडलेली बुरशी, तिच्याभोवती विरघळलेले जीवाणू. पण तीच बशी पुन्हा तयार करायला गेलं की जमत नाही. वाढून बसलेल्या वसाहतीशेजारी बुरशी ठेवली तर काहीच होत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी उलगडा केला तो असा की त्या बशीत बुरशी आधी रुजली असली पाहिजे आणि जीवाणू नंतर वाढायला लागले असले पाहिजेत. कारण पेनिसिलिन भिंत फोडत नाही. ते वाढत्या जीवाणूलाच मारतं.

कसं मारतं ते 1965 मध्ये टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी सुचवलं. नवा टाका घालण्याआधी त्याच्या टोकाला डी-ॲलानिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू एकापुढे एक असतात. जोडणारं विकर ती जोडी ओळखतं, शेवटचा रेणू काढतं आणि त्या जागी शेजारचा टाका जोडतं. पेनिसिलिनचा आकार या जोडीसारखा आहे. विकर त्याला टाका समजून पकडतं आणि पकड सुटत नाही. सुई हातात अडकून पडली. तिकडे कापणारी कात्री मात्र चालूच आहे. अलीकडे, 2014 मध्ये ई. कोलायवर झालेल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: जीवाणू नवे धागे बनवत राहतो, ते जोडले जात नाहीत म्हणून लगेच मोडले जातात, पुन्हा बनवले जातात, आणि या व्यर्थ कष्टातच त्याची शिल्लक संपते. मग कुठेतरी फट पडते, पटल फुग्यासारखं बाहेर येतं आणि फुटतं. साखरेच्या दाट द्रावणात ठेवलेले जीवाणू पेनिसिलिन देऊनही फुटत नाहीत, गोल होऊन जगतात, हे लेडरबर्ग यांनी 1956 मध्येच दाखवलं होतं. जीव घेतो तो पाण्याचा दाब, औषध फक्त त्याची वाट मोकळी करतं.

आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून या औषधाला आपल्यात पकडायला काही सापडत नाही. ज्या जीवाणूंना भिंत नाही, उदाहरणार्थ मायकोप्लाझ्मा, त्यांच्यावरही ते चालत नाही. आणि जीवाणूंनी दिलेली उत्तरंही बघा. कोणी पेनिसिलिन मोडणारं विकर बनवलं. असं विकर 1940 मध्येच, म्हणजे औषध रुग्णांपर्यंत पोचायच्या आधीच, वर्णिलं गेलं होतं. मेथिसिलिन या पेनिसिलिनच्याच भावंडाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जीवाणूने पेनिसिलिनला न फसणारी वेगळी सुई मिळवली. व्हॅन्कोमायसिन हे औषध विकराला न पकडता थेट डी-ॲलानिनच्या जोडीवर बसतं, तर काही जीवाणूंनी त्या जोडीतला शेवटचा रेणूच बदलून तिथे लॅक्टिक आम्ल बसवलं. सगळी लढाई एका टाक्याच्या टोकाशी चालली आहे.

फ्लेमिंग यांचंच आधीचं एक काम मला त्याहून जवळचं वाटतं. 1922 मध्ये त्यांनी नाकातल्या श्लेष्म्यात एक जीवाणू विरघळवणारं विकर असल्याचं जाहीर केलं. तेच लायसोझाइम. ते अश्रूंत आहे, लाळेत आहे, अंड्याच्या पांढऱ्या बलकात भरपूर आहे. योग्य जीवाणूंचं गढूळ पाणी एका नळीत घ्या, त्यात अंड्याचा थोडासा पातळ केलेला पांढरा बलक टाका आणि नळी उजेडासमोर धरा. दुधासारखं पाणी थोड्या वेळात नितळ होतं. लायसोझाइम टाक्यांना हात लावत नाही, ते साखरेची साखळी मधेच तोडतं. डोळ्याची पापणी मिटते तेव्हा आपण हेच काम करत असतो.

सगळे जीवाणू मात्र इतके सहज विरघळत नाहीत, आणि इथे भिंतीचे दोन मोठे प्रकार समोर येतात. ते सापडले भलत्याच वाटेने. 1884 मध्ये हान्स क्रिस्चन ग्राम हे डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या फुप्फुसाचे काप तपासत होते. जीवाणू उठून दिसावेत, भोवतीचं ऊतक रंगू नये, एवढीच त्यांची गरज. जांभळा रंग द्यायचा, आयोडीन टाकायचं, मग अल्कोहोलने धुवायचं. काही जीवाणू जांभळे राहिले, काहींचा रंग धुऊन गेला. ही पद्धत सदोष आहे, पण इतरांच्या हाती उपयोगी ठरेल अशी आशा वाटते, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात या सदोष पद्धतीने होते.

जांभळे राहतात त्यांची भिंत जाड, 20 ते 80 नॅनोमीटर, थरावर थर. अल्कोहोलने ती आक्रसते आणि रंग आत कोंडला जातो. गुलाबी होतात त्यांची भिंत काही नॅनोमीटरचीच, पण तिच्या बाहेर आणखी एक पटल असतं. अल्कोहोलमध्ये ते विरघळतं, रंग निसटतो, आणि मागून दिलेला गुलाबी रंग चढतो. हे बाहेरचं पटल म्हणजे त्यांचा पावसाळी कोट. पेनिसिलिनसारख्या कित्येक रेणूंना ते सहज आत येऊ देत नाही, लायसोझाइमलाही नाही.

यावरून एक प्रसंग सांगतो. प्रात्यक्षिकाला एका विद्यार्थिनीने स्टॅफिलोकोकसची काचपट्टी रंगवली. तो जांभळा दिसायलाच हवा. तिची पट्टी अर्धी गुलाबी. ती म्हणाली, "सर, मी अल्कोहोलचे सेकंद मोजले होते." मी तिची पट्टी पाहिली, धुण्यात काही चूक दिसेना. मग नळीवरची तारीख बघितली. कल्चर, म्हणजे नळीत वाढवलेले जीवाणू, आठवडाभर जुनं होतं. आम्ही त्यातलंच थोडं नव्या अन्नद्रवात टाकलं, रात्रभर वाढवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवलं. द्राक्षांच्या घोसांसारखे गर्द जांभळे जीवाणू. तोच जीवाणू, तीच मुलगी, तेच सेकंद. म्हाताऱ्या, उपाशी पेशींत विणणं थांबलेलं असतं आणि उसवणं चालू राहतं. भिंत विरते आणि रंग धरून ठेवत नाही. त्या दिवसापासून मी ग्राम रंजन शिकवताना कल्चरचं वय आधी विचारतो.

क्षयाचा जीवाणू या दोन्ही खणांत नीट बसत नाही. त्याच्या भिंतीवर मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. रंग आत शिरायला तापवावं लागतं, आणि एकदा शिरला की आम्लानेही निघत नाही. आयसोनायझिड हे क्षयावरचं औषध हे मेण बनवण्याचं कामच बंद पाडतं.

मेणाचा विषय निघाला तर पुन्हा वनस्पतींकडे जायला हवं. पाण्यातल्या हिरव्या शेवाळांना फुटण्याची भीती होती. साधारण 47 कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर आल्या आणि भीती उलटी झाली, आता सुकण्याची. त्यांनी भिंतीच्या बाहेरून क्युटिन आणि मेण यांची उपत्वचा चढवली. पानावर ती अनेकदा एका केसाच्या जाडीच्या शतांशाइतकीच असते, तरी पाणी उडून जाणं जवळजवळ थांबवते. मग श्वासासाठी पर्णरंध्रांची उघडझाप करणारी दारं ठेवावी लागली. आपण क्षणभंगुर गोष्टीला 'अळवावरचं पाणी' म्हणतो. अळवाच्या पानावर भिंग धरून पाहिलं तर दिसतं की थेंब पानाला जेमतेम टेकलेला आहे. पानाच्या पेशींना बारीक उंचवटे आहेत, त्यांवर मेणाचे कण, आणि थेंब या टोकांवर तोललेला, खाली हवा. कमळाचंही तसंच. विल्हेल्म बार्टलॉट यांनी कमळाच्या पानाचा हा गुण 1997 मध्ये नीट मांडला: घरंगळणारा थेंब धूळ आणि बुरशीचे बीजाणू बरोबर घेऊन जातो. पान स्वतःची राखण करतं ते थेंबाला न चिकटू देऊन.

तरीही बुरशी आत शिरते. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीचा बीजाणू पानावर आधी चिकटून बसतो, मग छोट्या घुमटासारखा अवयव तयार करतो. घुमटाची भिंत मेलॅनिनने पक्की होते आणि आत ग्लिसरॉल साठतं. पाणी ओढलं जातं आणि दाब हवेच्या दाबाच्या 80 पटींपर्यंत चढतो. मग घुमटाच्या तळातून एक बारीक खुंटी उपत्वचा आणि सेल्युलोज फोडून आत घुसते. पाण्याच्या ज्या दाबाला सांभाळायला भिंत जन्माला आली, तोच दाब इथे दुसऱ्याची भिंत फोडायला वापरला जातो.

पान गप्प बसत नाही. ज्या जागी खुंटी टोचते आहे नेमकं तिथेच आतून कॅलोज नावाची साखर थापून पेशी ठिगळ लावायला घेते. तिला कळतं कसं? बुरशीची विकरं पेक्टिन कुरतडतात, त्याचे ठराविक लांबीचे तुकडे सुटतात आणि पेशीच्या पटलावरची प्रथिनं ते तुकडे ओळखतात. मोडलेली भिंतच वर्दी देते. जीवाणूंतही हेच दिसतं. काही जीवाणूंमध्ये पेनिसिलिनमुळे आत साठणारे भिंतीचे तुकडेच पेनिसिलिन मोडणाऱ्या विकराचं जनुक चालू करतात. आपल्या पेशींतही जीवाणूच्या भिंतीचे तुकडे ओळखणारी प्रथिनं आहेत.

यातलं एक उदाहरण मला फार विलक्षण वाटतं. डांग्या खोकल्याचा जीवाणू वाढताना भिंतीचा एक छोटा तुकडा बाहेर सांडतो. श्वासनलिकेत केसाळ पेशी कफ वर ढकलत असतात, त्या या तुकड्याने मरतात. हवाई बेटांभोवतीच्या समुद्रात एक छोटा माखला, म्हणजे स्क्विड, राहतो, तो आपल्या पोटाखाली प्रकाश देणारे जीवाणू पाळतो. ते जीवाणू अगदी तोच तुकडा सोडतात. तिथेही केसाळ पेशी मरतात, पण मरतात त्या प्रकाशाचा अवयव घडण्यासाठी. तो तुकडा मिळाला नाही तर अवयवाची घडण पुरी होत नाही. एकाच टाकाऊ टाक्याने एकीकडे मुलाचा जीव कासावीस होतो आणि दुसरीकडे माखल्याचा दिवा घडतो.

वनस्पतीच्या भिंतीची गोष्ट लाकडाशिवाय पुरी होणार नाही, पण ते स्वतंत्र व्याख्यान होईल, म्हणून एवढंच. पाणी वाहणाऱ्या पेशी आपली भिंत लिग्निनने घट्ट करतात आणि मग ठरवून मरतात, कारण नळीत जीव असला तर पाण्याला वाट नाही. 115 मीटरहून उंच रेडवूडच्या शेंड्यापर्यंत पाणी जातं ते अशा मेलेल्या भिंतींच्या नळ्यांतून. बुचाच्या पेशीही सुबेरिनचा मेणचट थर चढवून अशाच मरतात. हूक यांना दिसलेल्या रिकाम्या खोल्या पडक्या नव्हत्या, त्या झाडाच्या कामावर होत्या.

शेवटी एक गोष्ट, जी शिकलो तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून उठलो होतो. हरितलवक हा एके काळी मोकळा राहणारा नीलहरित जीवाणू होता, शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने तो आत घेतला, हे आता सर्वमान्य आहे. आत आल्यावर त्याची भिंत गेली असंच आपण धरून चाललो होतो. ग्लॉकोफाइट नावाच्या शेवाळांच्या एका छोट्या गटात मात्र हरितलवकाभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत आजही आहे. मग शेवाळींवर, म्हणजे मॉसवर, प्रयोग झाले. फिस्कोमिट्रेला या मॉसच्या जनुकसंचात जीवाणूच्या भिंतीचं विणकाम करणारी जनुकं सापडली. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी डी-ॲलानिनच्या त्याच जोडीला चमकतं लेबल लावून मॉसला दिलं, आणि हरितलवकांभोवती बारीक कडी उजळली.

त्याच्याही आधी मॉसला पेनिसिलिनच्या घराण्यातलं अँपिसिलिन देऊन पाहिलं गेलं होतं. मॉसची पेशी मेली नाही, तिची सेल्युलोजची भिंत शाबूत राहिली, पेशी विभागल्याही. फक्त आतल्या हरितलवकांना विभागता येईना. एरवी पेशीत कित्येक हिरव्या टिकल्या असतात. पडद्यावर आता जी पेशी दिसते आहे तिच्यात एकच आहे, भली मोठी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.